हिमालयात पहिल्यांदा जाताना: मुक्कामाची उंची, विरळ हवा आणि वेळेवर खाली उतरणं

उंचीचा त्रास डोंगरावर होतो, पण त्याचं मूळ बहुतेक वेळा घरी बसून केलेल्या आखणीत असतं. सुट्टी मोजकी, विमानाची तिकिटं आधीच काढलेली, त्यात कुणीतरी म्हणतं, "एवढं लांब जातोय तर पँगाँगही करून टाकू." मग तिसऱ्या रात्री ४,२०० मीटरवर गटातलं कुणीतरी डोकं धरून बसतं आणि बाकीचे ठरवत राहतात की उद्या पुढे जायचं की नाही. तो प्रश्न तिथे, त्या थंडीत, अपुऱ्या झोपेत सुटत नाही. तो निघण्यापूर्वी, सगळ्यांची डोकी शांत असताना सोडवावा लागतो. म्हणून बूट आणि सॅक घ्यायच्या आधी कागद-पेन घ्या.

आधी शरीराचं गणित समजून घ्या

उंचीवर हवेतला ऑक्सिजन कमी होतो असं आपण सहज म्हणतो. खरं तर त्याचं प्रमाण तेच राहतं, जवळपास २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. लेहला, म्हणजे ३,५०० मीटरवर, हा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के असतो आणि ५,५०० मीटरवर निम्मा. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक फुप्फुसांत कमी ऑक्सिजन पोचतो.

शरीर यावर पहिला उपाय करतं तो जोरात आणि भरभर श्वास घेण्याचा. पण जास्त श्वास म्हणजे जास्त कार्बन डायऑक्साइड बाहेर, आणि त्याने रक्त अल्कधर्मी होतं. मेंदू मग श्वास आवरता घ्यायला लावतो. हा तिढा मूत्रपिंडं सोडवतात. ती लघवीवाटे बायकार्बोनेट बाहेर टाकतात आणि श्वासाला पुन्हा मोकळीक मिळते. या कामाला काही दिवस लागतात. तांबड्या रक्तपेशी वाढायला तर आठवडे लागतात. ट्रेकर ज्याला अक्लमटायझेशन म्हणतात ते हेच. हट्टाने किंवा व्यायामाने त्याचा वेग वाढत नाही.

नवख्यांना हीच गोष्ट पटवणं सगळ्यात अवघड जातं. त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होतो आणि आपलं कळसूबाई आहे १,६४६ मीटर. सह्याद्रीत कितीही भटकंती झालेली असली तरी या गोष्टीची परीक्षा तिथे झालेलीच नसते. दम टिकणं वेगळं आणि उंची मानवणं वेगळं. १९६२च्या युद्धकाळात मैदानी मुलखातल्या धडधाकट जवानांना थेट हिमालयात उंचावर न्यावं लागलं आणि त्यातले कित्येक आजारी पडले. डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. उंचीच्या आजाराबद्दलच्या महत्त्वाच्या जुन्या नोंदींमध्ये तो आजही मोजला जातो. रोज कवायत करणाऱ्या तरुणांची ही गत होते, तर "मी रोज दहा किलोमीटर धावतो" या वाक्यावर उंचीच्या बाबतीत विसंबता येत नाही. उलट तंदुरुस्त माणूस झपाट्याने वर पोचतो आणि त्यामुळेच अधिक अडचणीत येतो.

पहिली पायरी: वेळापत्रकात दोन रकाने वाढवा

प्रत्येक दिवसापुढे पहिला रकाना काढा "रात्रीचा मुक्काम किती मीटरवर?" असा. दिवसा तुम्ही किती वर जाऊन आलात त्यापेक्षा रात्री कुठे झोपलात याला जास्त महत्त्व आहे. नियम साधा आहे. ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर थांबायचं. कुठे जागेअभावी मोठी उडी घ्यावीच लागली, तर तिच्या आधी किंवा नंतर एक जादा रात्र ठेवायची.

एव्हरेस्ट बेस कॅम्पची नेहमीची आखणी या नियमाचं चांगलं उदाहरण आहे. लुक्लाला (२,८६० मीटर) विमानाने उतरून लोक त्याच दिवशी खाली फाकदिंगला (२,६१०) जाऊन झोपतात. पुढे नामचे बाजार (३,४४०), तिथे दोन रात्री. मग तेंगबोचे (३,८६०), मग दिंगबोचे (४,४१०), तिथे पुन्हा दोन रात्री. त्यानंतर लोबुचे (४,९४०) आणि गोरकशेप (सुमारे ५,१६०). नामचेच्या जादा दिवशी लोळत पडायचं नसतं. खुमजुंगपर्यंत वर चढून, तासभर थांबून पुन्हा नामचेला येऊन झोपायचं. दिवसा उंच, रात्री खाली. गट जेव्हा "आपण फिट आहोत, एक दिवस वाचवू" म्हणतो, तेव्हा नेमका हाच दिवस कापला जातो. तो कापू नका.

दुसरा रकाना मला पहिल्याइतकाच महत्त्वाचा वाटतो, पण तो फार थोडे लोक भरतात: "इथून खाली कसं उतरायचं?" मनाली-लेह रस्त्यावरचं सरचू घ्या. उंची सुमारे ४,२९०. मनाली आहे २,०५० मीटरवर. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून मनालीहून एका दिवसात सरचू गाठणं सोपं झालंय, म्हणजे एकाच रात्रीत झोपण्याची उंची दोन हजार मीटरहून जास्त वाढते. त्याहून वाईट म्हणजे सरचूत कुणाची तब्येत बिघडली तर खाली नेण्यासाठी आधी वर चढावं लागतं. केलाँगकडे जायचं तर बारालाचा खिंड (सुमारे ४,८९०) ओलांडायची आणि लेहकडे जायचं तर नकीला आणि लाचुंगला या दोन्ही तिच्यासारख्याच उंच खिंडी. अशा जागी नवख्याने पहिल्या-दुसऱ्या रात्री झोपू नये. गोरकशेप त्याच्याहून कितीतरी उंच आहे, पण तिथून वाट सरळ खाली जाते. कागदावरची उंची पाहून हा फरक कळत नाही. नकाशा उघडून बसावं लागतं.

लडाखला जायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: जाताना श्रीनगर-कारगिलमार्गे जा आणि परत येताना मनालीमार्गे उतरा. श्रीनगर सुमारे १,६००, कारगिल सुमारे २,७००, मग लेह ३,५००. वाटेत झोजीला आणि फोतूला लागतात, पण त्या दिवसा ओलांडायच्या असतात, झोपायचं नंतर खाली असतं. येताना सरचूची रात्र लागली तरी तोवर शरीर सरावलेलं असतं. जाताना मनालीमार्गेच जायचं असेल तर केलाँग किंवा जिस्पाला (३,१००-३,२००) दोन रात्री काढल्याशिवाय पुढे सरकू नका.

विमानाने थेट लेहला उतरणाऱ्यांनी पहिले दोन पूर्ण दिवस लेहमध्येच राहायचं. त्यानंतर आधी नुब्रा, मग पँगाँग. नुब्रातलं हुंदर सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही खाली आहे. मध्ये खर्दुंगला लागते. तिची उंची जुन्या फलकांवर १८,३८० फूट लिहिलेली असली तरी प्रत्यक्ष मोजणीत ती सुमारे ५,३५९ मीटर, म्हणजे १७,५८२ फूट भरते. तीही काही कमी नाही. तिथे फोटो काढा आणि पंधरा-वीस मिनिटांत खाली उतरा. पँगाँग ४,२०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे तिथला मुक्काम जितका उशिरा तितका बरा. पहिल्या दिवशी लेह आणि दुसऱ्या दिवशी पँगाँगवर मुक्काम असं पॅकेज कुणी पुढे ठेवलं तर ते स्वस्त असलं तरी नाकारा.

स्पितीलाही हाच हिशोब. शिमला, कल्पा, ताबो करत काझाला गेलात तर उंची हळूहळू वाढते. मनालीहून थेट चंद्रताल गाठलात तर तलावाकाठची रात्र बहुधा डोकेदुखीत जाईल.

केदारनाथचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण तिथे जाणारे स्वतःला ट्रेकर समजत नाहीत आणि म्हणून उंचीचा विचारच करत नाहीत. गौरीकुंड सुमारे १,९८० मीटरवर, मंदिर ३,५८३ मीटरवर. घरातली वयस्क मंडळी एका दिवसात चालत, खेचरावर किंवा हेलिकॉप्टरने तिथे पोचतात. निदान एक रात्र आधी गुप्तकाशी-सोनप्रयागच्या पट्ट्यात काढावी, वर पोचल्यावर रांगेत ताटकळण्याआधी बसून घ्यावं आणि छातीत जड वाटलं तर दर्शनासाठी थांबून राहू नये.

आणि अखेरीस राखीव दिवस. आठवड्याच्या ट्रेकला एक, दोन आठवड्यांच्या ट्रेकला दोन. हे दिवस नसतील तर वर कुणालाही "आज इथेच थांबू" म्हणता येत नाही, कारण परतीचं तिकीट सगळ्यांच्या डोक्यात असतं.

दुसरी पायरी: डॉक्टरांकडे जा

निघण्याच्या महिनाभर आधी जा, म्हणजे काही तपासण्या सांगितल्या तर वेळ मिळतो. हृदयविकार, फुप्फुसाचे जुने आजार आणि गरोदरपण यांत उंचीवर जायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील. नियंत्रणात असलेला रक्तदाब किंवा दमा असणारे अनेकजण नीट जाऊन येतात, पण गोळ्या आणि इनहेलर हाताशी हवेत. मधुमेहींनी इन्सुलिन गोठू नये म्हणून अंगालगत ठेवायचं. सिकलसेल असलेल्यांना, आणि त्याचे फक्त वाहक असलेल्यांनाही, उंचीवर धोका असतो. विदर्भात आणि आदिवासी पट्ट्यात तो बराच आढळतो, त्यामुळे कुटुंबात कुणाला असेल तर आधी तपासणी करून घ्या. पूर्वी कधी उंचीवर फुप्फुसात पाणी झालं असेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

डायमॉक्सबद्दल विचारा. यातलं औषध अ‍ॅसिटाझोलामाइड. मूत्रपिंडांचं वर सांगितलेलं बायकार्बोनेट टाकण्याचं काम ते लवकर करून घेतं, म्हणजे शरीराच्याच प्रक्रियेला गती देतं. लक्षणं झाकून ठेवत नाही. प्रतिबंधासाठी प्रौढांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, चढाईच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे गोळी २५० मिलिग्रॅमची मिळते, म्हणजे अर्धी अर्धी. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, सोडा प्यायला तर बेचव लागतो. हे सगळं अपेक्षित आहे. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते आधी सांगायचंच. घरी असतानाच एक-दोन दिवस घेऊन पाहिलं तर काय होतं याचा अंदाज येतो.

ही गोळी सगळ्यांनी घ्यावी का? हळूहळू चढणाऱ्या, आधी कधी त्रास न झालेल्या माणसाला बहुधा गरज नसते. थेट विमानाने लेहला उतरणाऱ्यांनी किंवा पूर्वी त्रास झालेल्यांनी घेणं शहाणपणाचं. फक्त ही गोळी घेतली म्हणून आखणीतला विश्रांतीचा दिवस कापायचा नाही.

डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही दोन आणीबाणीची औषधं गटाच्या पेटीत असावीत. कुणाला, कधी, किती द्यायची हे डॉक्टरांकडून मराठीत कागदावर लिहून घ्या आणि तो कागद गोळ्यांभोवतीच गुंडाळा. पहाटे तीनला, हेडटॉर्चच्या उजेडात, विरळ हवेत कुणालाही मात्रा आठवत नाही.

तिसरी पायरी: शरीर आणि सॅक

व्यायामाने उंचीचा आजार टळत नाही, पण थकवा कमी होतो, पाय घसरत नाहीत आणि संध्याकाळी स्वतःकडे लक्ष द्यायला त्राण उरतं. दोन-तीन महिने जिने चढणं, पाठीवर वजन घेऊन चालणं आणि मांड्यांचा व्यायाम पुरेसा आहे. निघायच्या आठवड्यात सर्दी-खोकला किंवा ताप असेल तर जाणं पुढे ढकला. छातीतल्या संसर्गासोबत उंची गाठली की फुप्फुसात पाणी होण्याचा धोका वाढतो.

सॅक दहा-बारा किलोच्या आत ठेवा. कपडे थरांमध्ये: आत थर्मल, मधे फ्लीस किंवा लोकर, वर पिसांचं जाकीट, सगळ्यावर वारा-पाणी अडवणारं. कानटोपी, दोन जोड हातमोजे, हेडटॉर्च आणि जादा सेल, अतिनील किरणं अडवणारा चष्मा, ओठांनाही लागणारं सनस्क्रीन. बर्फावर चष्म्याशिवाय काही तास चाललात तर संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते आणि दुसऱ्या दिवशी चालणं अशक्य. लडाखमध्ये बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा. विमा काढताना पॉलिसीतली उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरचा खर्च या दोन ओळी शोधून वाचा. अनेक पॉलिसी ठरावीक उंचीच्या वर लागूच होत नाहीत.

एक इशारा, जो यादीत हरवायला नको. तंबूत किंवा बंद खोलीत स्टोव्ह, शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा डोकेदुखी आणि मळमळीपासूनच सुरू होते. सगळे म्हणतात उंची लागली, आणि पहाटे कुणी उठत नाही.

चौथी पायरी: पहिले ४८ तास

पोचल्यावर पहिले काही तास बरंच वाटतं, म्हणून लोक बाजारात फिरायला निघतात. त्रास सहसा सहा ते बारा तासांनी, म्हणजे संध्याकाळी किंवा रात्री सुरू होतो. पहिला दिवस खोलीच्या आसपास काढा. अंथरुणात दिवसभर पडून राहू नका, हळू चाला. जिना चढतानाही बोलता येईल इतकाच वेग ठेवा. दारू पूर्ण वर्ज्य. झोपेच्या गोळ्याही, कारण त्या आधीच मंद झालेला रात्रीचा श्वास आणखी मंदावतात. चहा-कॉफीची सवय असेल तर ती एकदम सोडू नका, नाहीतर कॅफीन सुटल्याचं डोकं वेगळं दुखेल.

पाणी भरपूर प्या, पण जबरदस्तीने पाच-सहा लिटर ढोसू नका. अति पाण्याने रक्तातलं सोडियम घटतं आणि त्याचीही लक्षणं डोकेदुखी-मळमळच. लघवी फिकट पिवळी राहिली की झालं. भूक मंदावते, तरी थोडं थोडं खा. भात, पोळी, बटाटा, सूप असं पिठूळ आणि पचायला हलकं बरं. उंचीवर पाणी कमी तापमानाला उकळतं. ४,५०० मीटरवर साधारण ८५ अंशांना. म्हणून डाळ-तांदळाला कुकर लागतो, पण जंतू मारायला तेवढी उकळी पुरते.

रात्री एक प्रकार घडेल, त्याला घाबरू नका. झोपेत श्वास हळूहळू उथळ होतो, काही सेकंद थांबतो आणि मग मोठा श्वास घेऊन जाग येते. शेजारी झोपलेला माणूस हे ऐकून हादरतो. उंचीवर हे जवळपास सगळ्यांना होतं. चेहरा किंवा बोटं किंचित सुजणं हेही, दुसरं काही नसेल तर, काळजीचं नाही.

पाचवी पायरी: रोज एकमेकांना विचारा

सकाळ-संध्याकाळ चार प्रश्न. डोकं दुखतंय का? मळमळ किंवा उलटी? नेहमीपेक्षा जास्त थकवा? चक्कर? प्रत्येक प्रश्नाला शून्य ते तीन गुण. डोकेदुखी आहे आणि एकूण बेरीज तीन किंवा जास्त, तर तो एएमएस (अक्यूट माउंटन सिकनेस, म्हणजे उंचीचा नेहमीचा आजार) समजायचा. डॉक्टर वापरतात त्या लेक लुईस मापनाचा हाच सांगाडा आहे. उत्तरं वहीत लिहा, म्हणजे कालपेक्षा आज बरं की वाईट हे दिसतं.

गटात जोड्या लावा. माणूस स्वतःचा त्रास लपवतो, कारण त्याला इतरांचा ट्रेक मोडायचा नसतो. नेहमी बडबडणारा गप्प झाला, जेवणाच्या तंबूत आलाच नाही, सॅकची चेन लावायला त्याला फार वेळ लागतोय, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. लहान मुलांना सांगता येत नाही. त्यांची किरकिर आणि न खाणं हीच लक्षणं धरा.

ऑक्सिमीटर न्या, पण त्याचे गुलाम होऊ नका. लेहला ८५ ते ९२ आकडा सामान्य आहे, जो शहरात पाहून आपण रुग्णवाहिका बोलावू. थंड बोटांवर आणि नेलपॉलिशवर तो चुकीचं दाखवतो. हात उबदार करून, पाच मिनिटं बसून मोजा आणि एकाच उंचीवरच्या गटातल्या बाकीच्यांशी ताडून बघा. आकडा चांगला आणि माणूस आजारी असेल, तर माणसावर विश्वास ठेवा.

सहावी पायरी: तीन नियम, जे आधीच सगळ्यांना मान्य हवेत

उंचीवर तब्येत बिघडली तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत तो उंचीचाच आजार समजायचा. लक्षणं असताना झोपायला आणखी वर जायचं नाही. लक्षणं वाढत असतील तर लगेच खाली उतरायचं, सकाळची वाट न बघता.

सौम्य एएमएसला खाली धावायची गरज नसते. त्याच उंचीवर थांबा, डोकेदुखीला पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घ्या, खा, विश्रांती घ्या. बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरं वाटतं आणि मग ट्रेक पुढे सुरू करता येतो. गोळीने डोकं थांबलं म्हणून त्याच दुपारी वर निघू नका. औषधाशिवाय बरं वाटायला हवं. एका दिवसात सुधारणा नसेल तर ३०० ते १,००० मीटर उतरा. गेल्या वेळी जिथे झोपल्यावर ताजंतवानं वाटलं होतं ती जागा बहुधा पुरते.

सातवी पायरी: ज्या दोन गोष्टी जीव घेतात

पहिली, फुप्फुसांत पाणी होणं. ट्रेकर तिला हेप म्हणतात. उंचीच्या आजारातले सर्वाधिक मृत्यू हिच्यामुळे होतात. नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्रीत ती गाठते आणि आधी डोकं दुखलेलं असेलच असं नाही. सुरुवात फसवी असते. माणूस चढावर अचानक मागे पडू लागतो, कोरडा खोकला येतो, अंगात किंचित ताप असतो. सगळे म्हणतात सर्दी झाली, उद्या बघू. निर्णायक खूण ही: बसून विश्रांती घेतल्यावरही दम कमी होत नाही. एक पूर्ण वाक्य एका दमात बोलता येत नाही. आडवं पडलं की घुसमट वाढते, ओठ-नखं निळसर होतात, छातीला कान लावला तर बुडबुडे ऐकू येतात. गुलाबी फेस येईपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो.

अशा माणसाला बसतं ठेवा, उबदार ठेवा, ऑक्सिजन असेल तर लावा आणि खाली न्या. त्याला चालवू नका, सॅक तर अजिबात नको. श्रम आणि थंडी दोन्हींनी फुप्फुसांवरचा दाब वाढतो. खेचर, डोली, गाडी, पाठुंगळी, जे मिळेल ते. निफेडिपिन डॉक्टरांच्या कागदाप्रमाणे.

दुसरी, मेंदूला सूज येणं, म्हणजे हेस. एएमएस वाढत वाढत इथे पोचतो. माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो, असंबद्ध बोलतो, चिडतो, किंवा नुसता झोपू द्या म्हणतो. चाचणी सोपी आहे. सपाट जमिनीवर सरळ रेष आखा आणि एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला टेकवत दहा-बारा पावलं चालायला सांगा. आधी स्वतः चालून दाखवा. तुम्हाला जमतं आणि त्याला तोल सांभाळता येत नाही, तर रात्र असो की बर्फ, उतरायचं. डेक्सामेथासोन द्या, एकट्याला सोडू नका आणि त्याचं मत विचारू नका. "मी ठीक आहे" हे त्याचं वाक्य त्या क्षणी ग्राह्य नाही. बेशुद्धीपर्यंतचं अंतर काही तासांचं असू शकतं.

उतरणं अशक्यच असेल तर गॅमो बॅग कामाला येते. माणूस मावेल अशी हवाबंद पिशवी, जिच्यात पायपंपाने हवा भरून दाब वाढवला की आतला माणूस दीड-दोन हजार मीटर खाली आणल्यासारखा होतो. पंप सतत मारत राहावा लागतो आणि बाहेर काढल्यावर त्रास परततो. मिळालेले तास त्याला उतरण्याच्या अवस्थेत आणायला वापरायचे. ट्रेक आयोजकाला आधीच विचारा: बॅग किंवा ऑक्सिजन सिलिंडर नेमका कुठल्या कॅम्पवर असतो, तो वापरायला कोणाला येतो? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा आयोजक बघा. वाटेवरच्या मदतीची ठिकाणंही आधी टिपून ठेवा. नेपाळमध्ये हिमालयन रेस्क्यू असोसिएशन १९७३ पासून काम करते आणि ट्रेकिंगच्या हंगामात एव्हरेस्टच्या वाटेवर फेरिचेला, अन्नपूर्णेच्या वाटेवर मनांगला तिचे डॉक्टर असतात. लेहमध्ये सोनम नोर्बू स्मारक रुग्णालयाला अशा रुग्णांचा मोठा अनुभव आहे.

ज्यावर विसंबू नये

कापराची पुडी नाकाशी धरल्याने वास येतो, मोकळं वाटल्याचा भास होतो, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. लसणाचं सूप गरम आणि चविष्ट असतं, जरूर प्या, पण त्याला औषध समजू नका. बाजारात मिळणारे ऑक्सिजनचे छोटे कॅन काही मिनिटांत संपतात. त्यांच्या भरवशावर वर थांबून राहणं धोक्याचं. आणि "मला मागच्या वेळी काहीच झालं नव्हतं" हेही याच यादीत घाला. उंची प्रत्येक वेळी नव्याने हिशोब मांडते, आणि परतून दोन-तीन आठवडे झाले की कमावलेला सराव बराचसा गेलेला असतो.

पोर्टर आणि सोबती

तुमची सॅक वाहणारा माणूस डोंगरातला आहे म्हणून त्याला उंची लागत नाही हा समज सोडा. नेपाळमधले अनेक पोर्टर खालच्या खोऱ्यांतून येतात आणि तुमच्याइतक्याच झपाट्याने वर चढवले जातात, तेही पाठीवर ओझं घेऊन. रोजी बुडेल म्हणून ते बोलत नाहीत. ते चार प्रश्न त्यांनाही विचारा. त्यांच्याकडे उबदार कपडे, चष्मा आणि झोपायला बंदिस्त जागा आहे का ते पहिल्याच दिवशी बघा. पोर्टर आजारी पडला तर हिशोब चुकता करून त्याला एकट्याला खाली धाडायचं नाही. त्याची भाषा बोलणारा धडधाकट माणूस सोबत द्यायचा. हाच नियम गटातल्या कुणालाही लागू: आजारी माणूस एकटा उतरत नाही आणि एकटा तंबूत मागे राहत नाही.

उतरल्यानंतर

सौम्य एएमएसनंतर पूर्ण बरं वाटलं, औषधं थांबली आणि दिवस शिल्लक असतील, तर पुन्हा हळूहळू वर जाता येतं. हेप किंवा हेस होऊन गेला असेल तर त्या फेरीत पुन्हा वर नाही, खाली दवाखान्यात तपासणी करून घ्यायची. घरी आल्यावर काय झालं, किती मीटरवर, कितव्या रात्री, काय औषध दिलं हे सगळं लिहून आपल्या डॉक्टरांकडे ठेवा. हेप एकदा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते. पुढच्या वेळी चढाईचा वेग आणि प्रतिबंधाचं औषध त्या नोंदीवरूनच ठरेल.